पिकल्या बोराचा रंग

चाकणला कांद्याच्या गाड्या यायला लागल्या की पुणे-नाशिक रस्त्याच्या कडेला चिमाजी लोहाराच्या भट्टीपुढं माणसांचा राबता वाढायचा. कुणाच्या चाकाची लोखंडी धाव सैल झालेली असायची, कुणाचा विळा बोथट. ज्याचं काहीच बिघडलेलं नसायचं त्याला विडी पेटवायला निखारा तरी लागायचाच. चिमाजी निखाऱ्याला कधी कुणाला नाही म्हणाला नाही. बोलायचा मात्र अगदी मोजकं. चार शब्दांत भागत असेल तिथं तो तीन वापरायचा आणि चौथा पुढच्या गिऱ्हाइकासाठी ठेवून द्यायचा.

त्याच्या वाटणीचं बोलायला अंबूबाई एका पायावर तयार होती. पण बाप्यांच्या देखत लोहाराच्या बायकोनं घण उचलावा, आवाज उचलू नये, ही त्या घरची रीत. तीस वर्षं ती आठ शेरांचा घण उचलत होती. लुगड्याचा काचा घट्ट खोचायचा, डाव्या पायाचा अंगठा मातीत रुतवायचा, मनगटावरच्या बांगड्या फुटू नयेत म्हणून त्यांच्यावर चिंधी बांधायची. चिमाजीचा हातोडा ऐरणीवर जिथं टिचकी मारेल तिथंच तिचा घण पडायचा. एकुलती लेक जुन्नरला दिल्यापासून घरात तिसरं माणूस नव्हतं. त्या दोघांचं निम्मं बोलणं असं लोखंडावरच होत आलं होतं.

माघी पुनव सरली आणि नवाब खाटीक भट्टीवर आला. खांद्यावर पोतं, पोत्यात झिजलेल्या कानशी. देहूरोडच्या छावणीतला मोडीचा माल लिलावात निघायचा, त्यातल्या. नवाबचं चाकणात दुकान होतंच, आता त्यानं पिंपरीला निर्वासितांच्या कॅम्पाजवळ दुसरं घातलं होतं.

“चिमाजीभाऊ, बारा सुऱ्या पायजेत,” तो म्हणाला. “दुकानं दोन झाली, सुऱ्या त्याच चार. पुण्यात मशीनच्या मिळत्यात, पन हाताला बसत न्हाईत. माझ्या आजानं बी तुमच्याच घरचं पानी वापरलं.”

“कधी?”

“शनवारच्या बाजाराआधी.”

चिमाजीनं एक कानस उचलून ऐरणीवर आपटली, नाद ऐकला आणि मान डोलावली. नवाब खुशीत निघून गेला. अंबूबाईनं मात्र वेगळंच बघितलं होतं. कानस उचलताना नवऱ्याचा हात आधी पोत्याच्या अलीकडं, मातीवर पडला होता.

हे दिवाळीपासून चाललं होतं. हात तांब्याच्या शेजारी जायचा, चहाची बशी ओठाऐवजी मिशीला लागायची. तिनं विचारलं की तो म्हणायचा, डोळ्यात धूर गेला. तीस वर्षं ज्या धुरानं काही केलं नाही तो आत्ताच बरा डोळ्यात जायला लागला, असं तिच्या अगदी ओठावर यायचं. पण नवरा घाबरलाय हे तिला दिसत होतं, म्हणून ती गप्प राहायची. कार्तिकात दोन विळे मऊ पडले तेव्हा त्यानं कोळशाला नाव ठेवलं, एक कोयता भट्टीत करपला तेव्हा भात्याला.

दिवेलागणीला माणसं पांगली. चिमाजी ऐरणीपाशी बसून राहिला.

“रंग दिसंना,” तो म्हणाला.

“कंचा?”

“धारंचा.”

सुरीला पाणी द्यायचं म्हणजे दोनदा बुडवायची. आधी पातं लाल तापवून नुसती धार पाण्यात धरायची. ती काचेसारखी कडक होते. मग पातं बाहेर काढून दगडावर घासून उजळायचं आणि बघत राहायचं. पाठीत उरलेली धग धारेकडं सरकते आणि तिच्याबरोबर उजळलेल्या पोलादावरून रंगाचा पट्टा खाली उतरत येतो. हवा तो रंग धारेवर आला की सबंध पातं पाण्यात. लवकर बुडवलं तर धार ठिसूळ राहते, उशीर झाला तर मऊ पडते. भट्टीतला लाल रंग चिमाजीला अजून दिसत होता, तोंडाला लागणाऱ्या धगीवरूनही कळत होता. पण हा दुसरा पातळ रंग गेला होता. त्याच्या दोन्ही बुबुळांवर मोतीबिंदूची साय धरली होती.

“पुन्याला दवाखान्यात काढत्यात म्हनं,” अंबूबाई म्हणाली.

“सुरीनंच काढत्यात.”

तो विषय तिथंच मिटला. जन्मभर लोकांच्या हातात सुऱ्या देणारा हा माणूस, पण आपल्या डोळ्याला सुरी लागणार म्हटल्यावर त्याच्या काळजाचं पाणी झालं. अंबूबाईला हसूही आलं आणि कीवही आली.

“लोकांस्नी कळलं तर लोखंड कोन दील?” तो म्हणाला.

त्याचं खरं होतं. पलीकडं म्हाळुंग्याचा लोहार टपूनच बसला होता. आणि गावातले मोठे बागायतदार सोपानराव, ज्यांचे सालाचे चाळीस विळे या भट्टीवर धारेला यायचे, ते येता-जाता म्हणायचेच, “थकलास, चिमाजी. कांद्याच्या वखारीवर राखनीला ये, बसून खाशील.” ते बिचारे मायेनंच म्हणायचे, पण चिमाजीला ते वाक्य चटका बसल्यासारखं लागायचं. भट्टी विझल्यावर आपण कोण, हे त्याला माहीत नव्हतं. अंबूबाईलाही माहीत नव्हतं. वखारीच्या दारात घोंगडी पांघरून बसलेला नवरा तिच्या डोळ्यापुढं आला आणि तिनं तो झटकून टाकला.

निखारे राखेत झाकता झाकता चिमाजी म्हणाला, “रंग तू बग.”

ती चपापली. पाणी देताना बाईनं पाण्याच्या कुंडीपाशी उभंसुद्धा राहायचं नाही, असा तिच्या सासऱ्यांचा दंडक होता. नवी नवरी होऊन आल्यापासून त्या वेळेला ती पाठ फिरवून कोळसा फोडत आली होती. हजारो पात्यांवर तिचा घण पडला होता, पण पाणी पिताना तिनं एकही पातं बघितलं नव्हतं.

“मला काय कळतं त्यातलं?”

“पिकल्या बोरागत रंग धारंवर आला की सांग. त्याच्या म्होरं जांभूळ हुतं. जांभूळ झालं की गेलं.”

“पिकल्या बोरागत?”

“व्हय.”

एवढंच. त्याच्या बापानं त्याला एवढंच सांगितलं होतं आणि त्याचं त्यावर सगळं आयुष्य भागलं होतं.

चार दिवस दोघांनी कानशी ठोकल्या. कानशीचे दात ऐरणीवर चेपून सपाट करायचे, मग पातं लांबवायचं, पाठ जाड, धार पातळ. माघाची थंडी, तरी अंबूबाईची चोळी घामानं पाठीला चिकटायची. पोलाद जुनं पण कडवं होतं, घण उसळून खांद्यापर्यंत झिणझिण्या यायच्या. चिमाजी पात्यावरून अंगठा फिरवून उंचसखलपणा ओळखायचा. त्याचे हात अजून पक्के लोहाराचे होते. ते बघून तिला बरं वाटायचं.

पाणी मात्र त्यांनी फटफटायच्या आत दिलं. एक तर उन्हात रंग फसवतो. दुसरं म्हणजे तेव्हा रस्त्याला कुणी नसतं. चिमाजीनं पहिलं पातं तापवलं, धार कुंडीत धरली, चर्र झालं. दगडावर चार हात मारून त्यानं सांडशी तिच्यापुढं केली. अंबूबाईनं वाकून बघितलं. पांढऱ्या पोलादावरून पिवळा रंग सरसरत खाली येत होता, कुणी हात न लावता. इतकी वर्षं आपल्या पाठीमागं हे होत होतं आणि आपण कोळसा फोडत होतो, असं तिच्या मनात आलं.

पिवळा रंग धारेला टेकला.

“बोर,” ती म्हणाली.

चिमाजीनं पातं बुडवलं. नखावर धार लावून बघितली. धार घसरली नाही.

“कडक झालीया,” तो म्हणाला. दिवाळीपासून पहिल्यांदा त्याच्या तोंडावर जरा तेज दिसलं. ते बघून अंबूबाईनं बाराच्या बारा पात्यांना जिवाचे डोळे करून तोच रंग टिपला. एकही चुकवला नाही.

शुक्रवारी नवाब सुऱ्या घेऊन गेला. त्यानं त्यातल्या एकीनं मनगटावरचे केस उडवून दाखवले आणि “वा भाऊ” म्हणाला. शनिवारचा बाजार झाला. रविवारी दुपारी तो परत आला तेव्हा सुऱ्या पुन्हा पोत्यात होत्या.

भट्टीपुढं सोपानराव बाजेवर बसले होते आणि दोन गाडीवान धाव चढवायला आले होते. नवाबनं पोतं ऐरणीपाशी ठेवलं, हळूच ठेवलं. आदळलं असतं तर चिमाजीला कदाचित सोपं गेलं असतं.

“भाऊ, रागावू नका. मासाला लोन्यागत चालत्यात. पन हाडाला लागली की दात पडतोय.”

त्यानं एक सुरी काढली. धारेला नखाएवढे तीन खवले उडाले होते. चिमाजीनं ती हातात घेऊन अंगठा फिरवला. अंगठा एकेका खाचेत अडकत गेला.

“समद्या?”

“नऊ. तीन वापरल्याच न्हाईत, हिंमत झाली न्हाई.” नवाबनं आवाज खाली आणला. “एक तुकडा मटनात गेला. मास्तरांच्या दाताखाली आला. त्यांनी भर बाजारात दुकानावर आनून दाखवला, भाऊ. माझ्या तोंडाला काळं लागलं.”

गाडीवान एकमेकांकडं बघायला लागले. सोपानरावांनी विडीची राख झटकली.

“चिमाजीचं पानी उतरलं म्हना की,” ते म्हणाले.

ते काही लागट म्हणून बोलले नसतील. पण शब्द असा होता की तो दोन्हीकडून कापत गेला. चिमाजीनं सुरी ऐरणीवर ठेवली. कानाच्या पाळ्यांपर्यंत तो लाल झाला. अंबूबाईच्या हातात घणाचा दांडा होता, तो तिनं इतका घट्ट धरला की तळव्याला वळ उठला. कानशीला नाव ठेवावं, कोळशाला ठेवावं, काहीही ठेवावं, असं तिला वाटत होतं. पण चिमाजीनं कशालाच नाव ठेवलं नाही.

“परत करून देतो,” तो म्हणाला.

“द्या. दुसरीकडं जायाचं माझ्या मनात न्हाई,” नवाब म्हणाला. “पन या बारीला पानी माझ्यासमोर द्यायचं. शनवारी सकाळी मी हितं येऊन बसतो. हाड बी घेऊन येतो. झालं तर झालं, न्हाई तर मग मला पुन्याचा रस्ता धरावा लागल.”

“मी बी येतो बगायला,” सोपानराव म्हणाले. “माझं विळं बी गव्हाच्या काढनीला लागायचं हायेत.”

सोमवारी भट्टी पेटली नाही. मंगळवारीही नाही. रस्त्यानं जाणाऱ्यांनी विचारलं तर अंबूबाई, यांचं अंग कसकसतंय, असं सांगायची. चिमाजी भिंतीला टेकून बसला होता. त्यानं तिला एका शब्दानं दोष दिला नाही आणि तेच तिला सहन होत नव्हतं.

“मी बराबर सांगितलं हुतं,” ती म्हणाली. “समद्या एकासारख्या हुत्या.”

“तुजं न्हाई चुकलं. हातच गेला माझा. पहिल्या लालीला चुकत आसन.”

“कानशीच फुसक्या आसतील.”

“नाद चांगला हुता.” मग तो म्हणाला, “सोपानरावांस्नी इचारून बगू का वखारीचं?”

ती उठून आत गेली आणि चुलीपुढं बसून रडली. मग डोळे पुसून तिनं भाकरी थापल्या, कारण माणूस वखारीवर जावो की भट्टीवर, भूक लागणारच होती.

बुधवारी दुपारी गोजाबाई आली. ही शेजारची म्हातारी सकाळी सोपानरावांच्या रानात कांदा काढायची आणि येताना बांधावरचं जे मिळेल ते ओटीत घालून आणायची. तिनं ओटी सोडून मूठभर बोरं चिमाजीपुढं सुपात टाकली, “खा रं बाबा, तोंडाला चव यील,” म्हणाली आणि गुरं पाण्यावर न्यायची म्हणून तशीच गेली.

चिमाजीनं एक बोर चाचपलं आणि तोंडात टाकलं.

“चांगली पिकल्यात,” तो म्हणाला. बायकोलाही दोन दिली.

अंबूबाईनं बोर हातात धरलं. बांधावरचं गावठी बोर ते, गोटीएवढं, तांबूस तपकिरी, सालीला सुरकुती पडलेली.

“ही कसली पिकल्यात?” ती म्हणाली. “ही तर वाळाया लागली. पिकलं बोर आसं आसतं व्हय? पिकलं बोर पिवळंधमक आसतं.”

“पिवळं तर कच्चं.”

“कच्चं हिरवं आसतं.”

चिमाजी चावायचा थांबला. बी गालात तशीच राहिली.

“तू कंचं बोर सांगत हुतीस?”

“बोर म्हंजी बोर. रायबोर.” हे म्हणता म्हणता तिचा आवाज बारीक झाला. “आमच्या नेवाशाचं.”

नेवाशाला तिच्या बापाच्या घरामागं रायबोरीचं झाड होतं. लांबट, पिवळी, गोड बोरं. लहानपणी ती झाडाखालीच असायची. इकडं आल्यावर इथली आंबट तांबडी बोरं तिनं खाल्ली, सुपानं खाल्ली, पण त्यांना मनातून कधी बोर म्हटलं नाही. पिकलं बोर म्हटलं की तिच्या डोळ्यापुढं नेवाशाचंच झाड यायचं. आणि चिमाजीनं जन्मात तांबड्याशिवाय बोर बघितलं नव्हतं. पिवळ्यावर बुडवलं म्हणजे फारच लवकर बुडवलं. सगळी धार ठिसूळ राहिली होती. अंबूबाईला ते कळलं आणि तिनं हातातलं बोर सुपात टाकलं.

“मी केलं,” ती म्हणाली. “समद्यांच्या देखत तुमची मान खाली घातली. मीच केलं.”

चिमाजीनं तोंडावर हात धरला. त्याचे खांदे हलायला लागले. तो रडतोय असं वाटून ती घाईनं जवळ सरकली, तर तो हसत होता. बी घशात जाऊन ठसका लागेपर्यंत हसला.

“तीस वर्सं झाली,” तो ठसकत म्हणाला, “आन् आजून म्हायेरचीच बोरं खाती ही.”

तिनं त्याच्या पाठीवर थोपटलं, तांब्या दिला. मग तिलाही हसू फुटलं. हसता हसता तिच्या लक्षात आलं की ह्याचा हात गेलेला नाही. हे त्याच्याही लक्षात आलं असणार, कारण पाणी पिऊन झाल्यावर तो उठला आणि चाचपत भट्टीतली राख उकरायला लागला.

गुरुवारी, शुक्रवारी त्यांनी सुऱ्यांचे खवले दगडावर घासून काढले, धारा नव्यानं धरल्या. शुक्रवारी पहाटे एका तुटक्या कानशीवर दोघांनी तालीम केली. अंबूबाईनं गोजाबाईचं एक बोर डाव्या मुठीत धरलं आणि पिवळा रंग जाऊ दिला. त्याच्या मागून तो रंग आला. तो होताच तिथं. तांबूस, तपकिरी, अगदी हातातल्या बोरासारखा. तिनं सांगितलं, चिमाजीनं बुडवलं आणि तो तुकडा ऐरणीच्या कडेवर हाणला. कडेला खाच पडली, धारेला काही झालं नाही.

आता प्रश्न शनिवारचा होता. नवाब समोर बसणार, सोपानराव बसणार. त्यांच्या देखत तिनं रंग सांगितला म्हणजे चिमाजीला दिसत नाही, हे साऱ्या चाकणला सांगितल्यासारखं.

“बांगड्या वाजव,” चिमाजी म्हणाला. “बोर झालं की हात हालीव. मी ऐकतो.”

शनिवारी तिनं मनगटावरची चिंधी सोडून ठेवली. नवाब आला, बरोबर बकऱ्याच्या नळीचं हाड फडक्यात बांधून घेऊन. सोपानराव बाजेवर बसले. बाजाराचा दिवस, त्यामुळं आठ-दहा गाडीवानही जमले. अंबूबाई भाता सोडून कुंडीपाशी येऊन उभी राहिली तेव्हा सोपानरावांच्या भुवया वर गेल्या.

“बाई कुंडीपाशी कशी रं?”

“ऱ्हाऊ द्या,” चिमाजी म्हणाला.

पातं तापलं. चिमाजीनं तोंड पुढं नेऊन धग घेतली, लाली बघितली, धार पाण्यात धरली. चर्र झालं, वाफ वर आली. दगडावर चार हात मारून त्यानं पातं उजळलं आणि सांडशी पुढं धरून थांबला. नवाब वाकून बघायला लागला. पाठीकडून पिवळा रंग निघाला.

त्याच वेळी कांद्यानं भरलेली एक लॉरी रस्त्याच्या कडेला, बरोबर भट्टीसमोर येऊन उभी राहिली. पुढं बैलगाड्यांची दाटी, वाट मिळेना. डायव्हरनं इंजिन चालूच ठेवलं आणि वर भोंगा दाबला. सारी भट्टी थरथरायला लागली.

पिवळा रंग धारेला टेकला आणि पुढं विरघळला. त्याच्या मागं तांबूस आला. अंबूबाईनं हात हलवला. बांगड्या वाजल्या, पण त्या तिच्या तिलाही ऐकू आल्या नाहीत. तिनं पुन्हा जोरात हात झटकला. घणाच्या आवाजानं चिमाजीचे कान आधीच निम्मे गेलेले, तो तसाच मान तिच्या मनगटाकडं कलती करून उभा होता. तांबूस रंग धारेवर येऊन बसला. बोर. याच्या पुढं जांभूळ, आणि जांभूळ झालं की गेलं.

तिनं तोंड उघडलं आणि शब्द निघेना. दहा-बारा बाप्ये तिच्याकडं बघत होते. एक शब्द, की तिचा नवरा आंधळा. नाही बोलावं तर सुरी मऊ, नवाब पुण्याला, आणि हा वखारीवर. दोन्हीकडून त्याचंच जाणार होतं आणि ते तिच्या हातानं जाणार होतं. धारेच्या वरच्या अंगाला जांभळी छटा दिसायला लागली.

चिमाजीला वेळ कळत होता. चाळीस वर्षं हा वेळ त्याच्या हातात मुरलेला होता. त्यानं लॉरीच्या वर आवाज काढला, इतका मोठा की त्याचा असा आवाज तिथं कुणीच ऐकला नव्हता.

“अंबू, झालं का बोर?”

तीस वर्षांत त्यानं चारचौघांत तिला नावानं हाक मारली नव्हती.

“झालं,” ती ओरडली. “बुडवा.”

पातं पाण्यात गेलं.

लॉरीला वाट मिळाली, ती निघून गेली. मागं जी शांतता पडली तीत कुंडीतले बुडबुडे ऐकू येत होते. नवाबनं पातं हातात घेतलं, फडकं सोडलं, हाड ऐरणीवर ठेवलं आणि सुरी हाणली. एकदा, दोनदा, पाच वेळा. हाड फुटून दोन तुकडे झाले. त्यानं धारेवरून नख फिरवलं, उजेडाकडं धरून बघितलं, पुन्हा नख फिरवलं.

“साफ हाय,” तो म्हणाला.

मग सोपानराव बाजेवरून उठून जवळ आले आणि चिमाजीच्या तोंडाकडं निरखून बघायला लागले.

“चिमाजी, तुला दिसत न्हाई?”

“रंग दिसत न्हाई.”

“मग रं?”

“तिला दिसतो.”

तो हे सरळ उभा राहून बोलला. अंबूबाईचे डोळे भरून आले. इतके दिवस जे दोघांनी पदराखाली झाकून ठेवलं होतं ते आता उघड्या रस्त्यावर पडलं होतं, आणि ते उचलून परत झाकता येणार नव्हतं. गाडीवानांतला एकजण दुसऱ्याच्या कानाशी लागला. बाईचं पाणी, असं काहीतरी त्यानं म्हटलं, ते तिला ऐकू आलं. नवाबलाही आलं असावं. त्यानं पोत्यातून दुसरं पातं काढलं, चिमाजीच्या सांडशीत स्वतः बसवलं आणि तिच्याकडं वळला.

“वैनी, अजून अकरा हायेत. घ्या.”

तिनं पदरानं डोळे पुसले, कारण ओल्या डोळ्याला रंग दिसत नाही. दुसऱ्या पात्याला तिचा आवाज कापरा होता. चौथ्याला नीट झाला. सातव्याला बघ्यांतले दोघेतिघे पुढं सरकून आपणही रंग ओळखायला लागले आणि “आता, आता” म्हणायला लागले, तेव्हा तिनं त्यांना “गप बसा, आजून पिवळं हाय,” म्हणून दटावलं. बारावं पातं निघालं तेव्हा ऊन भट्टीच्या तोंडापर्यंत आलं होतं. नवाबनं प्रत्येक सुरी हाडावर मारून बघितली. एकीलाही दात पडला नाही. पोतं खांद्यावर टाकून तो बाजाराकडं गेला.

गाडीवान पांगले. सोपानराव मात्र घुटमळत राहिले. विडी पेटवली, विझली, पुन्हा पेटवली. शेवटी म्हणाले, “चिमाजी, माझं चाळीस विळं हायेत. कधी देतोस?”

चिमाजी कुंडीच्या पाण्यानं तोंड धूत होता. त्यानं मान वरसुद्धा केली नाही.

“तिला इचारा,” तो म्हणाला.

तीस वर्षं सोपानराव या बाजेवर बसत आले होते आणि या बाईशी एकदाही थेट बोलले नव्हते. त्यांनी विडी टाकली, डोक्यावरचं पागोटं उगाच सारखं केलं आणि घसा खाकरला.

“परवा देता का, अंबूबाई?”

“परवा अवस हाय. अवसंला भट्टी पेटत न्हाई,” अंबूबाई म्हणाली. “मंगळवारी घिऊन या. आन् येताना विळं घासून आना, गंजकं आमी घेत न्हाई.”